पंडिता रमाबाईंचे १८९७ साल

१८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पंडिता रमाबाईंचे एक पत्र छापून आले. विषय होता पुण्यातला प्लेग. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने मार्चपासून घरोघर झडत्या सुरू केल्या होत्या आणि गोरे सोजीर थेट माजघरात शिरत होते. त्याबद्दल ओरड सगळ्यांचीच होती. रमाबाईंनी दोन गोष्टींवर नेमके बोट ठेवले. बायकांची तपासणी पुरुष डॉक्टर करतात आणि ती शरमेने मान खाली जावी अशा रीतीने करतात, ही पहिली. दुसरी त्यांच्या घरची. आपल्याकडची एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली ती परत आली नाही, ती वाईट हाती पडली, असे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिले.

प्रकरण लंडनला हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी खुलासा केला की पत्रातली विधाने चुकीची आणि दिशाभूल करणारी आहेत. रमाबाईंनी आरोप मागे घेतले नाहीत.

एका बाजूला आरोप आणि दुसऱ्या बाजूला नकार, असे दोन कागद समोर आले की तिसरा कागद शोधावा लागतो. इथे असा कागद पंधरा वर्षे आधीचा आहे. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंची साक्ष झाली. तेव्हा त्या अजून ख्रिस्ती झाल्या नव्हत्या, नुकत्याच विधवा झालेल्या, वय चोवीस. साक्षीत त्यांनी शिक्षिकांची मागणी केली, तशीच स्त्री डॉक्टरांचीही. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघड करण्यापेक्षा इथल्या बायका मरण पत्करतात, हे त्यांचे म्हणणे होते. १८९७ चे पत्र म्हणजे त्याच साक्षीचा पुढचा भाग आहे. १८८२ साली तक्रार होती सोय नसल्याची. आता सरकार पुरुष डॉक्टरांची तपासणीच सक्तीने घेऊन आले होते. त्यामुळे रागाच्या भरात बाई काहीतरी लिहून गेल्या, हा सरकारी सूर मला पटत नाही.

गप्प बसायला त्यांना कारणे मात्र भरपूर होती. सरकार ख्रिस्ती लोकांचे, देणगीदार ख्रिस्ती, पत्र छापणारे साप्ताहिकही ख्रिस्ती. पुण्यातल्या ब्राह्मणी वस्तीत त्यांची बाजू घेणारे फारसे उरले नव्हते. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी उघडलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले, आणि १८९३ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. मुलींना ख्रिस्ती करण्याचा डाव आहे असा टिळकांच्या ‘केसरी’चा आरोप. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू साधी होती. मुलींनी आपापले आचार पाळावेत, त्यांना कोणी अडवणार नाही. पण मी प्रार्थना करते त्या खोलीचे दार मी लावून घेणार नाही. दार उघडे ठेवणे हेच आमिष, असे विरोधकांना वाटले. त्यांच्या जागी बसून पाहिले तर ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही.

त्या दाराचा हट्ट कुठून आला, हे इंग्लंडमधल्या पत्रांत दिसते. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात रमाबाईंनी आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. या दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला. गंमत अशी की ही पत्रे जपली, लावली आणि त्यांना टिपा जोडल्या त्या जेराल्डिन यांनीच, म्हणजे जिच्याशी वाद झाले तिनेच. रमाबाईंचा हट्टीपणा दाखवणारी पत्रेही त्यांनी गाळली नाहीत. म्हणून या साधनावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

वादांचे विषय कधी बारीक दिसतात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? शाकाहार सोडायचा की नाही? बारीक नव्हता तो १८८५ चा वाद. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या मनात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे होते. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी जेराल्डिन यांना कळवले त्याचा सारांश असा: बिशपांचा मान राखते, पण मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, देवाने दिलेले स्वातंत्र्य मी कोणाच्या हाती सोपवणार नाही. धर्मगुरूंच्या एका सत्तेतून सुटून मी दुसरीच्या ताब्यात जायला आलेले नाही, हा त्यांचा रोख जेराल्डिन यांना अहंकार वाटला, आणि तसे त्यांनी लपवलेही नाही. बिशपचा हुकूम न मानणारी बाई गव्हर्नरच्या खुलाशाने गप्प बसेल, हे संभवतच नव्हते.

आता दुष्काळाकडे वळतो, कारण मे महिन्यातल्या पत्रामागे तो आहे. १८९६ अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे गेल्या. त्या प्रवासावर त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिले. त्यात सरकारी अन्नछत्रे आणि कामांवरच्या छावण्या येतात, हाडांचे सापळे झालेली मुले येतात. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा जाते ती तरण्या, निराधार मुलींना हेरत फिरणाऱ्या माणसांकडे. भुकेने मरणे एक, आणि भुकेपायी विकले जाणे दुसरे. दुसऱ्याची भीती त्यांच्या लिखाणात जास्त आहे.

याच लिखाणात त्यांनी स्वतःच्या घरचा दुष्काळही सांगितला आहे, तो १८७०च्या दशकातला, मद्रास इलाख्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली. तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले, मग आई. आईच्या वेळी स्मशान लांब. खांदा द्यायला माणसे पुरेशी नव्हती, म्हणून भावाबरोबर मुलगीही पुढे झाली; पण ती उंचीला कमी, तेव्हा तिरडीची तिची बाजू तिला डोक्यावर घ्यावी लागली. मोठी बहीणही पुढे वारली. ज्या बाईने सोळाव्या वर्षी हे केले, तिने चाळिशीच्या उंबरठ्यावर मध्य प्रांताचे तिकीट काढले याचे नवल वाटत नाही. पैसा होता म्हणावा तर तोही नव्हता. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचा भार उचलला होता आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती.

सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावला हलवले. तिथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती. आंबा, संत्री, लिंबे लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. बागेच्या त्या जागेत आधी गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी.

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. शारदा सदन हे रमाबाई असोसिएशनच्या अटीने धर्मशिक्षणापासून दूर होते. मुक्तीवर ती अट नव्हती. दुष्काळातल्या मुलींना रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती शिकवण दिली, आणि कित्येकींनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी पोराला धर्म निवडण्याची कितपत मोकळीक असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही गैरलागू नाही. रमाबाईंना त्यात विसंगती दिसली नाही. भाकरी, निवारा, अक्षर आणि येशू हे त्यांच्या मनात एकाच ताटातले होते. मला ते ताट पूर्ण मान्य नाही. पण ताट पुढे करणारे त्या छावण्यांत फारसे कोणी नव्हते, हेही नाकारता येत नाही.

मग मे महिन्याच्या पत्रात एका हरवलेल्या मुलीसाठी एवढा आवाज का, हे उलगडते. मध्य प्रांतातल्या छावण्यांतून ज्या माणसांपासून मुली वाचवल्या, तसल्याच माणसाच्या हाती पुण्यात सरकारी इस्पितळातून मुलगी गेली, असे त्यांचे म्हणणे होते. जिची जबाबदारी घेतली तिचा हिशेब मागणे, मग समोर मुकादम असो की गव्हर्नर.

पत्राचा पुढचा प्रवास वेगळाच झाला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. सोजिरांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर आरोप केले आणि आधार म्हणून रमाबाईंच्या पत्राकडेही बोट दाखवले. दरम्यान २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. वातावरण पार बदलले. टिळकांना जुलैअखेर अटक झाली. गोखल्यांना पुण्याहून माहिती देणाऱ्यांपैकी कोणी नाव घेऊन पुढे येईना, आणि परतल्यावर त्यांनी माफी मागितली. या सगळ्या धामधुमीत रमाबाईंचे पत्र हे नावानिशी छापलेल्या मोजक्या पुराव्यांपैकी एक राहिले. चार वर्षांपूर्वी शारदा सदनावर तुटून पडलेला ‘केसरी’ आणि रमाबाई प्लेगच्या जुलमाबद्दल त्या उन्हाळ्यात जवळजवळ एकच बोलत होते.

१८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळात केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आंधळ्या बायकांसाठी वर्ग निघाला, मनोरमा ब्रेल शिकली. आणि याच सुमारास रमाबाईंनी मुक्तीच्या आवारात कृपासदन उभे केले. वाईट हाती पडून परतलेल्या, ज्यांना माहेर-सासर दोन्ही बंद, आणि ज्यांना बाकीच्या आश्रमांत सहसा घेत नसत, अशा बायकांसाठी ते होते.