डीव्हीडी ड्राइव्ह नाही, मग जुन्या लॅपटॉपमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकायची?

उल्हासनगर कॅम्प २ असो की बदलापूर, रिपेअरिंगच्या दुकानात जुना लॅपटॉप नेला की 'फॉरमॅट मारून देतो' हे उत्तर ठरलेलं. डीव्हीडी ड्राइव्ह बंद असला किंवा मुळात नसला, तरी हे काम ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घरीही होतं.

कोणती सिस्टीम निवडावी?
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० चिप लागते. ही चिप अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये नसते. अशा वेळी लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. त्याला किमान २ जीबी रॅम (४ असेल तर उत्तम), २० जीबी जागा आणि ६४ बिट प्रोसेसर पुरतो. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय लिनक्सही मोफत आहे.

मात्र टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर लिनक्स टाकण्याआधी विचार करा.

आधी बॅकअप
फोटो, मार्कशीट, दुकानाचे हिशेब दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी केलेल्या फाइल्स उघडतात का, तेही पाहा.

पायऱ्या
१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल डाउनलोड करा.
२. रुफस किंवा बलेना एचर या मोफत सॉफ्टवेअरने ती पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट चालत नाही. पेन ड्राइव्हवरचा जुना डेटा पुसला जातो.
३. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोव्होमध्ये बहुतेकदा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप.
४. यादीतून यूएसबी निवडा. मिंट इन्स्टॉल न करताही पेन ड्राइव्हवरून चालतं. वाय-फाय, आवाज, कीबोर्ड नीट चालतात का, ते इथेच तपासा.
५. सगळं ठीक असेल तरच इन्स्टॉल करा. 'इरेज डिस्क' निवडलं की संपूर्ण हार्ड डिस्क पुसली जाते.
६. काम संपल्यावर पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप रीस्टार्ट करा.

हे लक्षात ठेवा
जुन्या लॅपटॉपची बॅटरी बसलेली असते. इन्स्टॉल होताना वीज गेली तर काम अर्धवट राहतं आणि लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून चार्जर लावूनच, वीज जाण्याची शक्यता नसेल तेव्हाच सुरुवात करा. असं झालंच तर घाबरू नका, त्याच पेन ड्राइव्हवरून पुन्हा इन्स्टॉल करता येतं.

दुकानात काम देणार असाल तर दोन प्रश्न जरूर विचारा: डेटाचा बॅकअप घेतला का? आणि टाकलेली विंडोज लायसन्सची आहे की क्रॅक केलेली? क्रॅकसोबत व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता.