मोहरेवरची आई

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे; डिप्लोमा करून सरकारी नोकरीत शिरलो. पण जुन्या नाण्यांचा नाद शाळेपासूनचा. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत रोमन मोहरांविषयी थोडेसे.

रोमच्या सोन्याच्या नाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. चांदीचे २५ दिनारियस म्हणजे एक ऑरियस. (संस्कृतातला ‘दीनार’ या दिनारियसवरूनच आला.) वर्तमानपत्रे नसलेल्या त्या काळात राजाला जे सांगायचे ते नाण्यावर छापले जाई. ऑगस्टसने दत्तक घेतलेले दोन नातू, गायस आणि लुसियस, ढालभाल्यांसह नाण्यावर उभे केले. हेच पुढचे वारस, असे जगाला कळावे म्हणून. दोघेही ऐन तारुण्यात, इ.स. २ आणि ४ मध्ये वारले. गादीला वारस नसण्याचे दुःख मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

त्याहून बोलकी नाणी नीरोची. इ.स. ५४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. पहिल्या मोहरेवर मायलेक समोरासमोर, आणि त्या बाजूला नाव आईचे, अग्रिपिनाचे! सम्राटाचे नाव मागच्या बाजूला. पुढच्याच वर्षी दोघांचे चेहरे एकावर एक, पुढे मुलगा. दर्शनी बाजूला आता त्याचे नाव, आईचे मागे. त्यानंतर आई मोहरेवरून गेलीच. इ.स. ५९ मध्ये मुलाने तिला मारविले.

हे सोने मिरी, मोती, तलम कापडाच्या बदल्यात आपल्याकडे येई. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. दक्षिणेत सापडलेल्या काही मोहरांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीची चीर आहे. सोने आतपर्यंत खरे आहे का ते पाहिले, असे काही अभ्यासक म्हणतात. चलनातून बाद केल्याची ती खूण, असे दुसरे. काही मोहरांना भोक पाडून त्या गळ्यात घातल्या गेल्या, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारख्याच.

आमच्या तेलंगणात अक्कनपल्लीला चांदीची दीड हजारांवर रोमन नाणी मिळाली. सोने मात्र सोनाराकडे जाते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. आमच्या नात्यातल्या एका काकांना विहीर खणताना चार मोहरा सापडल्या होत्या. एकीवर दोन तोंडे होती, म्हणत. बांगड्या केल्या. अडीच तोळे भरल्या, हे त्यांना शेवटपर्यंत पाठ होते. तोंडे समोरासमोर होती की एकावर एक, हे आम्ही दोनदा विचारले. आठवत नाही, म्हणाले.