हातगुण : सुखप्रसूतीच्या इतिहासातील एक पान

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना जबलपूरच्या मराठी समाजाने गाजविलेली न्यायालये, चालविलेल्या शाळा, बसविलेली नाटके यांचे स्मरण आपण सर्वच करतो. ज्या घरांतून हे कर्तृत्व उभे राहिले, त्या घरांत मुले कोणाच्या हातांवर जन्मली, याची नोंद मात्र कोठे आढळत नाही. अडलेल्या बाळंतिणीची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते; सुखरूप बाळंतपणाची कथा ‘वेळच लागला नाही’ या एका वाक्यात संपते. त्या एका वाक्याचा इतिहास शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

जबलपूर परिसर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे जोडला गेला. नोकरी, वकिली आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे सिव्हिल लाइन्ससारख्या वस्त्यांतून स्थिरावली. रीतीप्रमाणे लेक पहिल्या बाळंतपणासाठी नागपूर, अमरावती वा पुण्याकडे माहेरी जाई. पुढची बाळंतपणे बहुधा येथेच, परक्या बोलीच्या दाईकडून होत. पहिलटकरणीच्या कळा बारा तास, कधी त्याहूनही अधिक चालतात. दुसऱ्या खेपेपासून हा काळ पुष्कळच कमी होतो. म्हणजे दीर्घ प्रतीक्षा माहेरच्या सुइणीने करावी आणि झटपट सुटकेचे श्रेय येथल्या दाईला मिळावे, अशी ही निसर्गाचीच योजना! ‘तिच्या हाताला गुण आहे’ या लौकिकाचा काही भाग असा निसर्गदत्त होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु उरलेला भाग निखळ कौशल्याचा होता. जाणती सुईण बाळंतिणीला फेऱ्या मारावयास लावी, उकिडवे बसवी, कंबर चोळी, धीर देई आणि वाट पाही. उकिडवे बसल्याने कटिभागाचा निर्गममार्ग रुंदावतो, हे शास्त्राने पुढे मान्य केले. विनाकारण हात न घालणे हाच तिचा खरा हातगुण होय.

याचे विलक्षण प्रत्यंतर दूरच्या व्हिएन्ना शहरात मिळाले. तेथील प्रसूतिगृहात एक विभाग वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, तर दुसरा सुइणींचा होता. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शेकडा ११.४ माता मरण पावल्या, दुसऱ्यात शेकडा २.८. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या आणखी एक गोष्ट ध्यानी आली : रुग्णालयाच्या वाटेवरच ज्यांची सुटका होई, त्या स्त्रियांना सूतिकाज्वर क्वचितच होई. त्यांना कोणाचा हातच लागलेला नसे! शवविच्छेदन करून आलेले हात हेच ज्वराचे कारण, हे ओळखून त्याने १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने घटले.

तथापि, गतकाळाचे केवळ गोडवे गाणे हा त्या काळावर अन्यायच ठरेल. आपल्या बाळंतिणीच्या खोलीत धुरी होती, शेगडी होती. पण हवा नव्हती. नाळ कापण्याचे साधन उकळलेले नसे. सुखरूप जन्मलेले अर्भक पाचवी-सहावीच्या सुमारास धनुर्वाताने जाई आणि दोष सटवाईच्या माथी बसे. शिवाय तीन तासांच्या आत उरकणारे अतिवेगाचे बाळंतपणही निर्धोक नसते. जखमा होतात, वार पडल्यावर रक्तस्राव थांबत नाही. झटपट आणि सुखरूप हे समानार्थी शब्द नव्हेत.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन निधी स्थापन झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतली, तीही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. १९०३ मध्ये दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभा राहिला. आपल्या गावातील लेडी एल्गिन रुग्णालय त्याच परंपरेतले. आज ते राणी दुर्गावतीच्या नावाने चालते, तरी जुन्या मंडळींच्या तोंडी ‘एल्गिन’च आहे. आम्हां मध्य प्रांतीयांना विशेष अभिमान वाटावा असे नाव मात्र कमलाताई होस्पेट यांचे. बालवैधव्य आलेल्या या स्त्रीने परिचारिका व सुईण यांचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह नागपुरात सीताबर्डीवर चार खाटांचे प्रसूतिगृह उघडले. तेच मातृसेवा संघ. ज्या विधवेची सावली शुभकार्यात चालत नसे, तिच्याच हातांवर सहस्रावधी बालके जन्मली. हातगुणाची याहून मोठी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

आजचे चित्र काय? २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३, तर आपल्या मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या. २०१८ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीत उगाच घाई करू नये, बाळंतिणीला हिंडू-फिरू द्यावे, तिच्या सोयीची बैठक घेऊ द्यावी, असे सांगितले. भारत सरकारनेही प्रशिक्षित सुइणींची नवी श्रेणी निर्माण करण्याचे ठरविले. जुन्या सुइणीचा संयम आणि नव्या काळाचे निर्जंतुक हात यांची सांगड घालण्याचाच हा मार्ग आहे.

माहेर दूर असलेल्या आमच्या माता-मातामहींना ज्या अनाम दायांनी परक्या बोलीत धीर दिला, त्यांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. या स्मरणिकेतील एक पान त्यांच्या नावे लिहून आम्ही त्या ऋणाचा निर्देश मात्र करतो. ते फिटणारे नाही.