देव्हाऱ्यातलं तिकीट

आमच्या टीममधला एक अमेरिकन सहकारी जुनी बेसबॉल कार्डं जमवतो. एकदा कॉल लवकर संपला, तेव्हा त्याने होनस वॅग्नरची गोष्ट सांगितली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं घालायची. पुठ्ठ्यामुळे पाकीट चेपत नसे आणि पुढच्या चित्रासाठी गिऱ्हाईक परत येई. वॅग्नरचं कार्ड लवकरच छापायचं थांबलं. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं.

"तुमच्याकडे असं काही होतं का?" त्याने विचारलं. मी "नाही" म्हणालो.

ते चुकीचं होतं, हे मला २०२५ मध्ये बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीमध्ये कळलं. तिथे 'टिकट टिका छाप' नावाचं प्रदर्शन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मँचेस्टर आणि ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी भारतात पाठवलेल्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रं: लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, राजे, वाघ. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, म्हणून चित्र हीच मालाची ओळख. लोक "कृष्णछाप द्या" म्हणत. तागा संपला की चित्र सोडवून भिंतीवर लावत, काही जण चक्क पुजत.

एका लक्ष्मीपुढे मी थबकलो. दोन बाजूंना हत्ती, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. ही मी लहानपणापासून पाहत होतो, दारव्ह्याला, आजीच्या देव्हाऱ्यात.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे १९०३ च्या सुमारास किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे टाकली. हीच आपली 'शकुंतला'. यवतमाळ, दारव्ह्याच्या कापसाच्या गाठी तिने मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मोठ्या लाइनीने मुंबईला. १९२१ साली मँचेस्टरमध्येच बांधलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं. आता ही गाडी बंद आहे.

आपलाच कापूस कापड होऊन परत आला, असं लिहायचा मोह होतो. पण वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरला अमेरिकेचा लांब धागा जास्त चाले. तेव्हा माझ्या पणजोबांच्या बोंडांचा त्या ताग्याशी संबंध असेलच असं नाही. एवढं मात्र खरं, की कापूस पिकवणाऱ्या घरात कापड परदेशी आलं आणि त्यावर देवी आमची होती.

दिवाळीत मी दारव्ह्याला गेलो. तोवर जुनी तिकिटं विकत घेऊन फायलीत लावायचा नाद लागला होता. आजीचं तिकीट फ्रेममधून काढून मागची बाजू बघायची होती. खरं सांगायचं तर ते मला हवंच होतं. एका विक्रेत्याला फोटो पाठवून किंमतही विचारून झाली होती.

आजी म्हणाली, "सासूबाईच्या लुगड्याच्या ताग्यावरचं हाय ते. तिनं पाण्यानं भिजवून सोडवलं होतं."

"आजी, हे देवाचं चित्र नाहीये गं. कंपनीचा छाप आहे. बघ, खाली लिहिलंय."

"मले कुठं वाचता येते?" ती फुलं वाहत म्हणाली. "साठ वर्सं झाले, रोज दिवा लावतो मी तिच्यापुढं. देव हाय तो. तुह्या फायलीत ठेवाले नाई."

मी गप्प बसलो. छापणाऱ्याने गिऱ्हाईक वाचू शकत नाही असं धरून चित्र निवडलं होतं. त्याचा अंदाज बरोबर होता. पण माल खपला की चित्राचं काम संपलं, असंही त्याने धरलं असणार, आणि तिथे तो चुकला. पणजीने दुकानदाराचं तिकीट पाण्यात भिजवलं, तेव्हाच ते त्याच्या हातून सुटलं होतं.

वॅग्नरच्या कार्डाला किंमत आली, कारण ते थोडेच जण जपू शकले. आजीच्या लक्ष्मीवर शेंदराचे डाग आहेत, कोपरा उंदराने कुरतडलाय, काचेवर धुराचा थर आहे. विक्रेत्याने किंमत फारच कमी सांगितली होती, डागांमुळे.

मी फ्रेम न उघडता एक फोटो काढला आणि अमेरिकेला पाठवला. खाली लिहिलं, "आमच्याकडेही होतं. अजून वापरात आहे."