पेढीपासून विद्यापीठापर्यंत : कंपनी वित्ताच्या उपयोजित अभ्यासाचा इतिहास

कोणत्याही कंपनीपुढे पैशाच्या संदर्भात तीन मूलभूत प्रश्न असतात. हाती असलेले भांडवल कोणत्या कामात गुंतवावे? ते भांडवल भागधारकांकडून उभारावे की कर्जाने? मिळालेला नफा वाटून टाकावा की व्यवसायातच राखावा? या तीन प्रश्नांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला 'कंपनी वित्त' म्हणतात. एखाद्या प्रत्यक्ष कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून हे प्रश्न सोडविण्यास शिकणे म्हणजे या विषयाचा उपयोजित अभ्यास होय. आज वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या हजारो विद्यार्थ्यांना हा विषय अनिवार्य आहे. तथापि तो विद्यापीठात केव्हा व कसा आला आणि आपल्या देशात तो दीर्घकाळ पुस्तकी का राहिला, याचा विचार क्वचितच केला जातो.

पेढीवरचे शिक्षण

विद्यापीठात व्यापारी शिक्षण सुरू होण्यापूर्वी ते पेढीवर मिळत असे. मुनिमाच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा रोजकीर्द लिहिता लिहिता हुंडी, व्याज आणि पत यांचे व्यवहार शिकत असे. या शिक्षणाची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. जमा, खर्च, बाकी, रक्कम, हिशेब, वसूल, नफा, कर्ज, दलाल, रोजकीर्द हे मराठी वहीखात्यातील नित्याचे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. त्यांच्याच शेजारी भांडवल, व्याज, तारण हे शब्दही तितक्याच सहजतेने नांदतात. मराठी व उर्दू बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाची भाषा बऱ्याच अंशी एकच होती, असे यावरून म्हणता येते.

पेढीचे ज्ञान घरातून घरात जात असे. मालक आणि व्यवस्थापक एकच असेपर्यंत ते पुरेसेही होते. संयुक्त भांडवली कंपनीने ही स्थिती बदलली. हिंदुस्थानात १८५० च्या कायद्याने कंपन्यांच्या नोंदणीची सोय झाली व १८५७ च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याचा मार्ग खुला झाला. आता पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा अशी व्यवस्था रूढ होऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव वाढले आणि मुंबईत नव्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा उसळला. १८६५ मध्ये तो कोसळला आणि असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. त्या सट्ट्यातील प्रमुख व्यक्ती प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला व तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. भागांच्या व्यवहारातील पैशाने विद्यापीठाला मनोरा दिला. मात्र त्या व्यवहाराचे शास्त्र विद्यापीठात शिकविले जाण्यास आणखी पस्तीस वर्षे लागली.

अमेरिकेतील आरंभ

या विषयाला विद्यापीठीय रूप प्रथम अमेरिकेत मिळाले. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने दिलेल्या एक लाख डॉलरच्या देणगीतून १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल स्थापन झाले. १९०८ मध्ये हार्वर्डनेही व्यवसाय शिक्षणाची स्वतंत्र शाखा काढली. व्हार्टनमधील प्राध्यापक एडवर्ड मीड यांचे कंपनी वित्तावरील पुस्तक १९१० मध्ये, तर आर्थर स्टोन ड्यूइंग यांचा कंपन्यांच्या वित्तीय धोरणावरील बृहद् ग्रंथ १९२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

या ग्रंथांचा आशय प्रामुख्याने वर्णनात्मक होता. कंपनी कशी स्थापन होते, कर्जरोखे किती प्रकारचे असतात, दोन कंपन्यांचे एकत्रीकरण कसे होते आणि बुडालेल्या कंपनीची फेरमांडणी कशी करतात, हे त्यांत तपशिलाने सांगितलेले असे. १८९३ च्या आर्थिक संकटात अमेरिकेतील अनेक रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या. त्यामुळे कंपनीकडे धनकोच्या व वकिलाच्या नजरेतून पाहण्याची प्रवृत्ती या ग्रंथांत आढळते. व्यवस्थापकाने निर्णय कसा घ्यावा, याचे तर्कशुद्ध विवेचन त्यांत अभावानेच होते.

मुंबई आणि हैदराबाद

१९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यापूर्वी भाग व रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी करून पाहिला. परंतु सल्लागार 'अस्पृश्य' आहे हे समजताच ग्राहक येईनासे झाले. भांडवलाचे ज्ञान असणे आणि भांडवलाच्या बाजारात विश्वास मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेतून दिसते. पेढीच्या भिंती विद्यापीठाने ओलांडल्या तरी समाजाच्या भिंती उभ्याच होत्या.

दुसरा प्रयोग हैदराबादचा. १९१७ मध्ये तेथे भाषांतर विभाग म्हणजे दारुत्तर्जुमा सुरू झाला आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. इक्बाल यांचा 'इल्मुल इक्तिसाद' हा अर्थशास्त्रावरील उर्दू ग्रंथ १९०४ मध्येच आला होता. उस्मानियाशी संबंधित इलियास बर्नी यांनी ही परंपरा पुढे नेली. सरमाया, हिस्सा, मुनाफा, सूद या शब्दांना शास्त्रीय परिभाषेचे स्थान मिळाले. याच विद्यापीठातील अन्वर इक्बाल कुरेशी यांनी व्याजाच्या सिद्धांताची इस्लामी दृष्टिकोनातून चिकित्सा करणारा ग्रंथ १९४० च्या दशकात इंग्रजीत लिहिला. १९४८ नंतर उर्दू माध्यमाचा हा प्रयोग थांबला. त्यामुळे देशी भाषेत आधुनिक वित्तशास्त्र शिकविण्याची एक मोठी शक्यताही मागे पडली.

सिद्धांताचे पर्व

१९५० नंतर या विषयाचे रूप पालटले. जोएल डीन यांच्या १९५१ च्या ग्रंथाने भांडवली खर्चाचा निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी जोखीम व परतावा यांची गणिती मांडणी केली. १९५८ मध्ये फ्रँको मोदिग्लियानी व मर्टन मिलर यांनी तर खळबळजनक सिद्धांत मांडला : आदर्श बाजारात कंपनीचे मूल्य तिने किती कर्ज घेतले यावर अवलंबून नसते.

एका उदाहरणाने हा सिद्धांत स्पष्ट होईल. दोन कंपन्यांचे भांडवल प्रत्येकी एक कोटी रुपये आहे आणि दोघींचा व्याजापूर्वीचा नफा १५ लाख आहे. पहिलीचे सर्व भांडवल भागधारकांचे आहे. त्यांना १५ टक्के परतावा मिळतो. दुसरीने ५० लाख रुपये १० टक्के व्याजाने घेतले आहेत. पाच लाख व्याज देऊन उरलेले १० लाख ५० लाखांच्या भागभांडवलावर २० टक्के पडतात. वरकरणी दुसरी कंपनी सरस वाटते. परंतु मंदीत नफा ६ लाखांवर आला तर पहिलीच्या भागधारकांना ६ टक्के मिळतात, दुसरीच्या भागधारकांना केवळ २ टक्के. म्हणजेच कर्जाने परताव्याबरोबर जोखीमही वाढविली. एकूण मूल्य निर्माण केले नाही.

१९६३ मध्ये याच दोघांनी कराचा विचार करून आपल्या निष्कर्षात दुरुस्ती केली. कर २५ टक्के धरल्यास वरील पहिली कंपनी करानंतर ११.२५ लाख रुपये वाटू शकते. दुसरी मात्र भागधारकांना ७.५ लाख व धनकोला ५ लाख, असे एकूण १२.५ लाख देते. वरचे सव्वा लाख कंपनीच्या कर्तबगारीतून आलेले नाहीत. कर आकारताना व्याज वजा मिळते, लाभांश वजा मिळत नाही, या कायद्यातील फरकामुळे ते आले आहेत. भारताच्या आयकर कायद्यातही हाच भेद आहे.

व्याजाच्या प्रश्नाबाबत मुस्लिम विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. व्याजी कर्जाशिवाय मोठा उद्योग चालूच शकत नाही, हे विधान अर्थशास्त्राचा अटळ नियम म्हणून मांडले जाते. प्रत्यक्षात कर्जाला मिळणारे झुकते माप बऱ्याच अंशी करकायद्याने दिलेले आहे. मुदारबात एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा भांडवल देणारा सोसतो. या व्यवहाराचे भागभांडवलाशी जवळचे नाते आहे. अलीगढ येथे अध्यापन केलेले नेजातुल्लाह सिद्दीकी यांनी १९६९ मधील 'गैर सूदी बँककारी' या उर्दू ग्रंथात याच तत्त्वावर बँकव्यवस्थेची मांडणी केली. अर्थात दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. नफ्याचा खरा हिशेब बाहेरच्या गुंतवणूकदारास समजणे कठीण असते. कर्जदाराकडून ठरलेली रक्कम मागणे त्या मानाने सोपे असते. कर्जाचे आकर्षण टिकण्यामागे हेही एक कारण आहे.

नियंत्रणाच्या काळातील अध्यापन

भारतात १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. अहमदाबादला हार्वर्डचे सहकार्य लाभले व तेथील प्रत्यक्ष प्रसंगांवर चर्चा करण्याची अध्यापनपद्धतीही आली. परंतु बहुसंख्य विद्यापीठांत कंपनी वित्त हा सूत्रे पाठ करण्याचा विषय राहिला. त्याला प्राध्यापकांइतकीच देशाची अर्थव्यवस्थाही कारणीभूत होती. १९४७ च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्यानुसार भागविक्रीसाठी सरकारी नियंत्रकाची परवानगी लागे आणि भागावरील अधिमूल्यही ठरीव सूत्राने निश्चित होई. दीर्घ मुदतीचे कर्ज सरकारी वित्तसंस्थांकडून येई. खेळत्या भांडवलासाठी बँकेने किती कर्ज द्यावे, याचे निकष १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने घालून दिले. साहजिकच भांडवल कोठून व कोणत्या किमतीला उभारावे, हा प्रश्न व्यवस्थापकाच्या हाती फारसा उरला नव्हता. मग तो विद्यार्थ्यास कसा पडणार? १९९२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्याच वर्षी सेबीला वैधानिक दर्जा मिळाला. त्यानंतरच पुस्तकातील प्रश्न बाजारातील प्रश्न झाले.

उपयोजनाकडे पुनरागमन

अमेरिकेत सिद्धांत गणिताच्या उंचीवर पोहोचला, तसा व्यवहाराशी त्याचा संवाद तुटत चालला. तो जोडण्यासाठी १९८८ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड कॉर्पोरेट फायनान्स' हे नियतकालिक सुरू झाले. संशोधनातील निष्कर्ष समीकरणे वगळून वित्त अधिकाऱ्यांना समजेल अशा भाषेत देणे, हे त्याचे धोरण होते. २००१ मध्ये जॉन ग्रॅहम व कॅम्पबेल हार्वी यांनी ३९२ वित्तप्रमुखांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तीन चतुर्थांश अधिकारी निव्वळ वर्तमान मूल्याची पद्धत नेहमी किंवा बहुधा वापरत होते. मात्र निम्म्याहून अधिकजण पैसा किती वर्षांत परत येतो, एवढेच पाहण्याची जुनी रीतही वापरत होते. परदेशातील वेगळ्या जोखमीच्या प्रकल्पालाही संपूर्ण कंपनीचाच दर लावणारे अनेक होते. वर्ग आणि कचेरी यांतील अंतर या पाहणीने मोजून दाखविले.

अध्यापनाच्या क्षेत्रात अश्वथ दामोदरन यांचे कार्य उल्लेखनीय आहे. मद्रास विद्यापीठाचे वाणिज्य पदवीधर असलेले दामोदरन बंगळूरूच्या व्यवस्थापन संस्थेत शिकून अमेरिकेत गेले आणि १९८६ पासून न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. त्यांचे उपयोजित कंपनी वित्तावरील पाठ्यपुस्तक १९९९ मध्ये आले. विद्यार्थ्याने आरंभीच एक प्रत्यक्ष कंपनी निवडायची आणि प्रत्येक नवी संकल्पना तिलाच लावून पाहायची, ही त्यांची पद्धत. व्याख्याने व आकडेवारी त्यांनी सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. ज्या महाविद्यालयात महागडी ग्रंथसंपदा नाही, तेथील विद्यार्थ्यालाही हा दरवाजा उघडा आहे.

समारोप

या इतिहासाकडे पाहता उपयोजित अभ्यासाची गरज केवळ नोकरीपुरती मर्यादित नाही, हे ध्यानात येते. २०१९ मध्ये बंगळूरू येथे 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने ठेवी गोळा करणारी एक संस्था कोसळली. हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा, निवृत्तीची पुंजी त्यात अडकली. व्याज नाही एवढ्यावर लोकांनी विश्वास ठेवला. दरमहा मिळणारी रक्कम कोणत्या व्यवसायाच्या नफ्यातून येते, तपासलेला ताळेबंद कोठे आहे आणि तोटा झाल्यास तो कोण सोसणार, हे विचारणारे थोडेच होते. लेखाच्या आरंभी दिलेल्या तीन प्रश्नांचीच ही घरगुती रूपे होत. व्यवहार शरीअतच्या दृष्टीने योग्य आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठीही आधी तो व्यवहार समजावा लागतो.

यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. भागबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल सर्वांना उपलब्ध असतो. वाणिज्य शाखेतील प्रत्येक विद्यार्थ्याने अंतिम वर्षात अशा एका कंपनीचा अहवाल घेऊन तिचे कर्ज, नफा, लाभांश व गुंतवणूक यांचा हिशेब आपल्या मराठीत किंवा उर्दूत लिहावा. त्यासाठी लागणारे बहुतेक शब्द पेढीवरच्या मुनिमाने या दोन्ही भाषांत कधीच रुळवून ठेवले आहेत. असा हिशेब लिहू शकणारी एक व्यक्ती प्रत्येक मोहल्ल्यात तयार झाली, तर ठेवीची पावती फाडण्यापूर्वी शेजारीपाजारी तिच्याकडे विचारायला येतील.