काठावरची जागा

समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन मासा अन्न जवळजवळ वर्ज्य करतो. (आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे, पण दोघांचे गोत्र एक नव्हे.) अंगच्या चरबीवर तो प्रवाहाविरुद्ध शेकडो मैल चढतो, जन्मस्थानी पोहोचून प्रजोत्पादन करतो. वायव्य अमेरिकेतल्या कोलंबिया नदीत चढणारा चिनूक सॅमन तर त्यानंतर मरतोच.

अशा उपोषितासमोर आमिष धरणे व्यर्थ वाटेल. तरीही कोलंबियाच्या काठी माणसे गळ टाकून तासन्‌तास बसलेली दिसतात. या पद्धतीला तेथे ‘प्लंकिंग’ म्हणतात. जड शिसे तळाशी रुतवायचे. त्याला जोडलेल्या दोरीवर माशाची अंडी किंवा कोळंबी लावलेला गळ आणि प्रवाहाने भिंगरीसारखा फिरणारा रंगीत तरंगता. काठी जमिनीत रोवलेल्या नळीत ठेवायची, तिच्या टोकाला घंटी बांधायची. पुढचे काम नदीचे. पुराच्या पाण्यात मासा मुख्य धार टाळून काठालगत सरकतो. त्याच्या वाटेत आमिष आले तर भुकेने नव्हे, स्वभावाने तो तोंड घालतो. नाव नको, यंत्र नको. हवी ती फक्त काठावर उभे राहण्याची जागा. या नदीचा गेल्या दीड शतकाचा इतिहास पाहिला, तर सारा कलह त्या जागेचाच आहे.

1855 च्या तहांनी याकमा, उमाटिला, नेझ पर्स आदी जमातींनी अफाट भूमी सोडली. मात्र आपल्या परंपरागत ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. 1866 साली नदीवर डबाबंद सॅमनचा पहिला कारखाना निघाला. त्यानंतर आली प्रवाहाच्याच बळावर फिरून मासे उपसणारी प्रचंड चक्रे. चक्र लावायचे तर काठ मालकीचा हवा. वायनन्स बंधूंनी तो घेतला, सरकारी परवाना मिळवला आणि याकमांची वाट अडवली. 1905 साली सर्वोच्च न्यायालयाने याकमांच्या बाजूने निर्णय दिला. तह म्हणजे सरकारने जमातींना दिलेले दान नव्हे, जमातींनीच सरकारला दिलेले दान आहे. जे त्यांनी दिले नाही ते त्यांचेच राहिले, असा त्याचा आशय. काठ खाजगी झाला तरी वाट खाजगी होत नाही. त्या काळात असे लिहिणे लहान गोष्ट नव्हती. पुढे चक्रांवर ऑरेगनने 1926 साली व वॉशिंग्टनने 1934 साली बंदी घातली.

परंतु न्यायालयाने वाचवलेला काठ पाण्यापासून कोण वाचवणार? 1938 साली बॉनव्हिल धरण झाले. 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे मिटले आणि सिलायलोचा धबधबा काही तासांत बुडाला. हजारो वर्षे माणसे तेथे खडकांवर लाकडी फळ्या बांधून लांब दांड्यांच्या जाळ्यांनी मासे काढीत होती. नुकसानभरपाई म्हणून जमातींना सुमारे 2 कोटी 68 लाख डॉलर मिळाले. काठ मिळाला नाही. बॉनव्हिलने बुडवलेल्या ठिकाणांच्या बदल्यात 1939 साली सुमारे 400 एकर जमिनीचे वचन दिले होते. पुढील दशकांत हाती आली ती जेमतेम 40 एकर. उरलेल्या जागांसाठी काँग्रेसला 1988 साली वेगळा कायदा करावा लागला, आणि त्यानुसार काठावरची ठिकाणे शोधून देण्यात आणखी कित्येक वर्षे गेली.