पावसात विझणारी वात

१९९१ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन' या डावपेचांच्या संगणकखेळात डोंगर म्हणजे नकाशावरचा एक चौकोन. तिथल्या फौजेला बचावात फायदा मिळे, पण चढ-उतार डोळ्यांना दिसत नसे.

१९९७ साली 'टोटल ॲनिहिलेशन' आला आणि त्यात तोफगोळा टेकडीवर आदळून अडू लागला. माझा जीव मात्र जडला त्याच वर्षीच्या, बंजी कंपनीच्या 'मिथ: द फॉलन लॉर्ड्स'वर. त्यातले बुटके योद्धे पेटत्या बाटल्या फेकतात. पाऊस किंवा बर्फ पडत असला, की वात विझते आणि बाटली नुसतीच गवतात पडून राहते. चढावर फेकली, तर गडगडत आपल्याच माणसांत येते! तोवर बहुतेक खेळांत पाऊस असलाच तर शोभेपुरता. इथे तो लढाईत उतरला. माझ्या मते या खेळप्रकारातली ही सर्वांत मोठी झेप.

'शोगुन: टोटल वॉर'ने २००० साली तेच जपानच्या सेन्गोकू काळात नेलं. पाऊस लागला की तोड्याच्या बंदुका मुक्या, धुक्यात शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघणाऱ्या मराठी फौजांच्या गोष्टींवर मी वाढलो. मला हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

पुढे चित्रं फार देखणी झाली. पण मी आधी पाहतो, त्या हवेनं काही बिघडतं का. 'कंपनी ऑफ हीरोज २'मध्ये (२०१३) बिघडतं: हिमवादळात सैनिक शेकोटीविना गारठून मरतात आणि स्फोटानं नदीवरचा बर्फ फुटला, की वरचा रणगाडा थेट तळाशी जातो.